हालाइनचा चढ

"हे पातेलं डोक्यावर घालून मी कुठेही येणार नाही," आई म्हणाली.

पातेलं म्हणजे हेल्मेट. साल्झबुर्गला नदीकाठी, सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानाबाहेर आम्ही उभ्या होतो. आईच्या अंगात सलवार-कमीज, त्यावर माझं लाल विंडचीटर, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायांत साताऱ्याहून आणलेले कॅनव्हासचे बूट. दुकानातला माणूस हेल्मेट हातात धरून हसऱ्या चेहऱ्याने ताटकळला होता.

"आई, सगळे घालतात."

"सगळ्यांचे अंबाडे नसतात."

"मग वेणी घाल."

"चालेल," आई म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

हे आईचं 'चालेल' मी तीन आठवडे ऐकत होते. कॉफी घेतेस? चालेल. आणि मग कप तसाच गार. आज बाहेर जेवू या? चालेल. आणि मग दोन घास खाऊन ताट पुढे सरकवलेलं. नको असेल तर नको म्हणावं ना माणसाने! शेवटी मीच तिचा अंबाडा सोडला, भर फुटपाथवर तिची वेणी घातली आणि पातेलं बसवलं. माझ्या मागे, सायकलला जोडलेल्या दोन चाकी गाडीत, दहा महिन्यांची रेवा पट्ट्यांत बांधलेली बसली होती आणि जाळीला नाक लावून आमच्याकडे बघत होती.

"आणि ह्या पोरीला खुराड्यात घातलंयस कोंबडीसारखं."

"इथे सगळ्या मुलांना असंच नेतात."

"नेत असतील बाई," आई म्हणाली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मला आईकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळावी म्हणून हा सगळा सायकलींचा घाट मी घातला होता. रेवाला तिने साताऱ्याला घेऊन जायचं होतं. वर्षभरासाठी. मी इथे तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळावर पीएच.डी. करत होते. ("गाळ उपसायला इतकी लांब?" असं आईने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.) बाळंतपणात सगळं रखडलं. शिष्यवृत्ती वर्षाअखेर संपणार होती, पाळणाघरात जागा नव्हती, मंदार, माझा नवरा, व्हिएन्नाला नव्या नोकरीत आणि फक्त शनिवार-रविवारी घरी. तोही या रविवारी कंपनीच्या कामाला गेलेला. फोनवर सगळं ठरलं होतं: आई तीन आठवडे येईल, रेवा तिच्या अंगावर रुळेल, आणि जाताना आई तिला घेऊन जाईल. मंगळवारी आईचं विमान. रेवाचं नाव तिच्या तिकिटावर घालायला मला सोमवारी सकाळी फोन करायचा होता.

आणि आई आल्यापासून त्यावर एक अक्षर बोलत नव्हती. विषय काढला की म्हणायची, "बघू." किंवा म्हणायची, "अगं, दूध उतू जातंय."

निघालो एकदाच्या. आईला मी बॅटरीवाली सायकल घेऊन दिली होती, माझी साधीच, कारण दोन बॅटरीवाल्या परवडण्यासारख्या नव्हत्या. ती फलटणला शाळेत असताना भावाच्या सायकलवर शिकली होती म्हणे. पहिली पाच मिनिटं हँडल लटपटलं, मग बसलं. नदीच्या काठाने सपाट सुरेख रस्ता. मागे डोंगरावर किल्ला, डाव्या हाताला हिरवंगार दुधट पाणी, समोर डोंगरांच्या रांगा आणि त्यांतल्या मागच्या रांगेवर जून महिन्यातही बर्फ. माझा हिशेब साधा होता. आई हे बघेल, खूश होईल, आणि खूश झालेली आई हो म्हणेल.

"आई, बर्फ बघ!"

"दिसलं."

"आणि मागे किल्ला बघितलास का?"

"अजिंक्यतारा असाच दिसतो आपल्या गच्चीवरून. वर टीव्हीचा टॉवर आहे एवढंच."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा धीर केला.

"आई, उद्या सकाळी मला विमान कंपनीला फोन करायचाय."

"कर की."

"रेवाचं नाव घालायला गं. घालू ना?"

"समोर बघून चालव. तो बघ माणूस आला."

माणूस आला की आई ब्रेक लावायची, खाली उतरायची, सायकल गवतात घ्यायची आणि तो जाईपर्यंत उभी राहायची. एसटी येत असल्यासारखी. रविवार, ऊन पडलेलं, अर्धं साल्झबुर्ग त्या रस्त्यावर. दर दोन मिनिटांनी आई गवतात. लोक बिचारे "डांके, डांके" म्हणत आभार मानून जायचे आणि आई त्यांना नमस्कार करायची.

"उतरू नकोस गं! कडेने चालव. रस्ता पुरतो दोघांना."

"आपल्याला काय घाई आहे?"

मला होती! मला सोमवारची घाई होती. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी हसत होते. हे मधाचं बोट लावून बोलणं मला मुळीच जमत नाही. तेव्हा दात-ओठ खात मी ते करत होते. मागे रेवा जाळीवर हात आपटून काहीतरी बडबडत होती. तीही थोड्या वेळाने कुरकुरायला लागली.

हालाइनला पोचलो तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. जुनं, मिठाच्या खाणींचं गाव. चौकात एक छान हॉटेल होतं, बाहेर छत्र्या मांडलेल्या. आईच्या पिशवीत धपाटे आणि दाण्याची चटणी आहे हे मला माहीत होतं, पण मला तिला काहीतरी खास खाऊ घालायचं होतं. सफरचंदाचं गरम पेस्ट्रीसारखं असतं ते मागवू का विचारलं. चालेल. आलं. आईने एक घास खाल्ला आणि रेवाला मांडीवर घेऊन खिमट भरवायला लागली. किती सराईतपणे! पोर माझ्याकडे दर घासाला तोंड फिरवते, आईकडे चिमणीसारखा आ करते. बघून मला वाटलं, ही काय नाही म्हणणारे! उगाच मी जीव जाळतेय.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काय मिनू, कुठवर आली स्वारी? आई पडली-बिडली नाही ना?" बाबांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "आणि ऐक, पाळणा काढला बरं का माळ्यावरून. रंग देऊन घेतलाय. शेजारच्या लिमयेवहिनींना सांगितलं, त्या म्हणाल्या, घरात पुन्हा गोकुळ होणार. मी म्हटलं, होऊ दे की. हिला काय, आता मोकळीच आहे ही. आई गेल्यापासून घर खायला उठतं हिला."

आई म्हणजे बाबांची आई, माझी आजी. नऊ वर्षं अंथरुणावर होती आणि आदल्याच्या आदल्या पौषात गेली.

"आहे का गं ती? ऐकतेयस ना गं? येणार ना नात?"

"हो," आई म्हणाली. "बीपीची गोळी घेतलीत का? बरं. हो. हो. ठेवते."

मी फोन पर्समध्ये टाकला. "झालं! बाबांना हो म्हणालीस. मग मला सांगायला काय झालं होतं?"

"त्यांना हो म्हणायला विचार करावा लागत नाही."

"म्हणजे?"

"ते खा आधी. माश्या बसतायत."

असा संताप आला ना! खरं तर तिथून आम्ही परत फिरणार होतो. पण आता मला परत फिरायचंच नव्हतं. हालाइनच्या पुलापलीकडे एक रस्ता वरच्या गावाला चढतो. वरून सगळी दरी दिसते. मी म्हटलं, "चल, वर जाऊ." वर नेऊन तिला बसवीन आणि हो म्हणवूनच खाली उतरवीन, असा माझा बेत. आईने चढाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागच्या गाडीकडे बघितलं.

"हिला ओढून नेणार तू एवढ्या चढावर?"

"नेते."

"चालेल," आई म्हणाली.

तिला हँडलवरची बटणं दाखवली. चढावर दुसरं दाब, फारच वाटलं तर तिसरं. चौथं दाबू नकोस, एकदम पळते. आईने मान डोलावली.

पहिल्या वळणापर्यंत ती माझ्याबरोबर होती. दुसऱ्या वळणाला मी खालच्या गिअरवर, मान खाली घालून, पेडल रेटत होते, आणि शेजारून काहीतरी भुर्रकन गेलं. बघते तर आई! पाठ ताठ, वेणी हेल्मेटखालून लोंबतेय, विंडचीटर फुगलंय. चौथं बटण दाबलं होतं बाईने.

"आई! हळू!"

वळली नाही. सकाळपासून मुंगीच्या पावलांनी आलेली बाई, समोरून आलेल्या दोन सायकलवाल्यांना बघून उतरली नाही, गवतात गेली नाही, सरळ त्यांच्या कडेने निघून गेली. वरच्या वळणावर लाल ठिपका दिसला आणि मग तोही दिसेना.

आणि नेमकी तेव्हा माझी चेन पडली. चढावर, मागे पोरीचं वजन, पाय एकदम मोकळा फिरला आणि गाडी मागे जायला लागली. कशीबशी उतरले, सायकल कडेला घेतली, गाडीच्या चाकाखाली दगड लावला. चेन बसवायला गेले तर बोटं काळी, नख तुटलं. रेवा ओरडायला लागली. ते साधं रडणं नव्हतं. तिचा एक सूर आहे, कानशिलात खिळा ठोकल्यासारखा, तो. तिला बाहेर काढलं तर लंगोट पाठीपर्यंत भरलेला. काळ्या हातांनी मी तिला तिथल्या कापलेल्या गवतावर आडवी केली. ती उलटायची, मी धरायची, ती गवत तोंडात घालायची, मी काढायची. तारेपलीकडे गाई उभ्या, गळ्यातल्या घंटा वाजवत. किती रम्य म्हणतात लोक! मला त्या घंटा उपटून दरीत फेकाव्याशा वाटल्या.

"आई!" मी एवढ्या जोरात ओरडले की गाई मागे सरकल्या. वरून काहीच उत्तर नाही.

मग मी तिथेच बसले. रेवा रडत होती, मीही रडायला लागले. दहा महिने मी सलग तीन तास झोपले नव्हते. गाळाचे नमुने प्रयोगशाळेत शीतपेटीत पडून होते आणि दर आठवड्याला मी त्यांच्यासमोर नुसती जाऊन उभी राहत होते. मला मंगळवार हवा होता. विमान उडालं की घरी येऊन दार लावून मी झोपणार होते. मुलगी जाणार याचं वाईट नंतर वाटलं असतं, ते वाटून घ्यायची माझी तयारी होती. पण आधी झोप. असं कुठल्या आईला वाटतं का कधी? मला वाटत होतं, आणि वाटतंय म्हणून स्वतःची किळस येत होती, आणि तरी वाटत होतं.

चेन बसली शेवटी. पण मग चढून चालवायची ताकद उरली नव्हती. रेवाला पुन्हा आत बांधून सायकल ढकलत वर निघाले. ती रडून रडून झोपली.

वरच्या गावात चर्चच्या आवाराबाहेर एक बाक आहे. आई तिथे बसली होती. हेल्मेट शेजारी, बूट-मोजे काढून पाय गवतात. समोर सगळी दरी उघडी, नदी, गाव, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि ती ते बघत होती. नीट, मन लावून बघत होती. तिचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. आमच्या घरात आई बसलेली असली तरी एका कानाने आतल्या खोलीकडे लक्ष ठेवून बसलेली असायची.

"छान आहे गं," ती म्हणाली. "खरंच छान आहे."

"तुला ऐकू आलं नाही का?" मी सायकल तशीच आडवी सोडणार होते, मागे पोर आहे हे आठवून भिंतीला टेकवली. "मी हाका मारत होते. रेवा बोंबलत होती. माझी चेन पडली होती!"

"आलं ऐकू."

"आलं?"

"दोन्ही आलं. तुझी हाक पण, तिचं रडणं पण. थांबले नाही."

मी हेल्मेट काढून गवतात टाकलं.

"थांबायला पाय आले होते जमिनीवर," आई म्हणाली. "मग म्हटलं, नाही. आज नाही थांबायचं. बघू तरी, नाही थांबलं तर काय होतं."

"आई, तू बरी आहेस ना?"

"बस इथे."

"मला बसायचं नाही. मला आता उत्तर दे. सकाळपासून विचारतेय. उद्या मला फोन करायचाय. नेणार आहेस ना तू रेवाला?"

"नाही."

एवढंच म्हणाली. शांतपणे. मला आधी कळलंच नाही.

"नाही म्हणजे? आता नाही? दिवाळीनंतर?"

"नाही गं. नाहीच. मला नाही न्यायची."

"पण का? तब्येत? बाबांचं काही? बाबांना सांगून मी बाई लावायला लावते, वरचं सगळं ती करेल."

"कशाला कारणं शोधतेस माझ्यासाठी? तब्येत ठणठणीत आहे माझी. मला नको आहे, मिनू." तिने मोजे उचलून मांडीवर घेतले. "रेवा नको असं नाही. पोर गोड आहे, माझीच आहे. पण मला ते परत नको. हाक आली की उठायचं. घास हातात असला तरी उठायचं. तुम्ही दोघं झालात, तुमचं केलं. ते आवडीने केलं, त्याबद्दल बोलत नाही. मग तुझी आजी. नऊ वर्षं. शी-शू, कुशी बदलणं, भरवणं. मी गेले तर ही कशी, म्हणून माझ्या भावाच्या मुलाच्या लग्नाला मी उभ्या उभ्या जाऊन आले. ती गेली तेव्हा सगळे बाहेर रडत होते आणि मी आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी उठले. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का कसला! झोप होती ती."

"मला वाटलं घर खायला उठतं तुला."

"तुझ्या बाबांना उठत असेल. मी सकाळी उठते, चहा करते, गच्चीत नेऊन पिते. गरम. पूर्ण कप. कुणी हाक मारत नाही. दीड वर्ष झालं गं फक्त. दीडच वर्ष."

मी बसले.

"मग हो कशाला म्हणालीस फोनवर?"

"मी कधी म्हणाले?"

"म्हणजे काय! जानेवारीत. मी विचारलं..."

"तू बाबांना विचारलंस. ते म्हणाले, 'पाठव की, हिला काय.' मी पोळ्या करत होते. मग तुझ्या दादाने फोन करून सांगितलं, 'मस्त झालं आई, तुझा वेळ जाईल.' मग लिमयेवहिनी. सगळ्या गावाला माहीत, मी नात आणणार. मला कुणी विचारलंय का एकदा तरी? तू सकाळपासून विचारतेयस, तेही 'नेणार ना?', 'घालू ना नाव?' असं. हे विचारणं नव्हे, बाई."

खरं होतं. आणि खरं होतं म्हणून मला अधिकच राग आला.

"मग मी काय करू?" मी ओरडले. चर्चमधून बाहेर पडणारं एक म्हातारं जोडपं थबकलं. "लोकांच्या आया येऊन वर्ष वर्ष राहतात! नातवंडं घेऊन जातात! माझी तेवढी..."

"असतात. लोकांच्या असतात तशा."

"आता सांगतेस! विमानाच्या दोन दिवस आधी!"

"हे चुकलं. धीर होत नव्हता. नाही म्हणायला बसले की जीभ टाळ्याला चिकटते माझी." तिने ओढणीने डोळे पुसले. "कुणाला म्हटलंच नाही ना कधी."

रेवा गाडीत झोपलेली. मग आईने माझा हात हातात घेतला, चेनच्या वंगणाने काळा झालेला, आणि म्हणाली, "तुलाही नकोसं झालंय ना?"

"काय?"

"बाथरूममध्ये नळ सोडून बसतेस ते. आवाज येऊ नये म्हणून. मी काय आंधळी आहे?"

मी मान हलवली. मग म्हणाले, "हो." आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. "हो, झालंय. मला पळून जावंसं वाटतं."

"मग ते मंदाररावांना सांगितलंस?"

"त्याला काय सांगू? तो व्हिएन्नाला. नवी नोकरी..."

"त्यांची नाही का ही पोर? वाटेत दोघं बाप्ये दिसले, मागे असलंच खुराडं बांधलेले. एकाने तर गवतात बसून पोराचा लंगोट बदलला, मी उतरले होते ना तेव्हा बघितलं. तू बर्फ दाखवत होतीस मला." आई माझ्याकडे बघत होती. "साताऱ्याला बसलेली मी आठवले तुम्हाला, आणि बाप नाही आठवला?"

इथे बापांना रजा मिळते. माझ्या प्रयोगशाळेत दोघांनी घेतली होती, केकही वाटला होता, आणि तो मी खाल्लाही होता. मंदारशी एकदा विषय निघाला तेव्हा तो हसला होता, "आपल्यात कोण घेतं?" मीही हसले होते. तिथेच विषय संपला होता.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

"अरे मंदार, ऐक. आई रेवाला नेत नाहीये."

"का? काय झालं?" तो दचकला. "ठरलं होतं ना सगळं?"

"अरे, तिला तिकडे जमणार नाही. म्हणजे तब्येतीचं थोडं..."

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मंदारराव, तब्येत ठीक आहे माझी. जमणार नाही असंही नाही. मला न्यायची नाही. मिनूला वाईट वाटू नये म्हणून ती सारवासारव करतेय, तेवढी ऐकू नका." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाकीचं तुमचं तुम्ही दोघं बोला."

आणि फोन मला परत दिला. जावयाशी ती आजवर 'जेवलात का' यापलीकडे बोलली नव्हती.

"मग?" मंदार म्हणाला.

"मग तू रजा घे," मी म्हणाले.

तो लगेच हो म्हणाला नाही. तसं कुठे होतं? पंधरा दिवस भांडणं झाली, त्याची आई त्यात पडली, पगाराचं गणित निघालं, नोकरीचं भवितव्य निघालं. मग सप्टेंबरपासून त्याने सहा महिने बिनपगारी रजा घेतली, आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटी खिचडी करपवून मला विचारलं, "ही दिवसभर एवढी रडते?" शिष्यवृत्ती संपली, उरलेलं मी साठवलेल्या पैशांवर रेटलं, आणि प्रबंध पुढच्या वर्षी दिला, उशिरा.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी आम्ही दोघी खाली उतरलो, ब्रेक दाबत, एक शब्द न बोलता. मंगळवारी विमानतळावर आईने रेवाचा मुका घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एकटी आत गेली. बाबांना तिनेच सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुढचे दोन महिने बाबा फोन उचलून "आईला देतो" एवढंच म्हणायचे.

मी आईवर धुमसत होते. खोटं कशाला बोलू? वर्षभर धुमसत होते. ती बरोबर होती हे कळत होतं आणि तरी गच्चीतला तिचा चहा आठवला की मी हातातलं भांडं आदळायचे. फोन करायचे, रेवाचे फोटो पाठवायचे, पण आतून तुटक. तिलाही ते कळत असणार. तिने कधी मनधरणी केली नाही.

रेवा अडीच वर्षांची झाली त्या मार्चमध्ये एका सकाळी आईचा फोन आला. आपणहून. एरवी फोन नेहमी मीच करायची.

"मिनू, मे महिन्यात येताय ना?"

"हो. तिकिटं काढलीत."

"मग रेवाला पंधरा दिवस माझ्याकडे ठेव. तू आणि मंदारराव कुठे जायचं ते जा फिरायला."

"आई, नक्की ना? बाबांनी सांगितलं का तुला?"

"बाबांचा काय संबंध? मी म्हणतेय. पण पंधरा दिवस हं. सोळाव्या दिवशी सकाळी मला दोघंही दारात दिसला पाहिजेत."

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ओट्याशी तशीच उभी राहिले. हे तिला कुणीही विचारलं नव्हतं.